‘शी हॅव टू ब्रदर्स’ असं का होतं? कर्ता आणि क्रियापदाचा मेळ मराठी मुलांना इंग्रजीत का छळतो

‘तिला दोन भाऊ आहेत.’

वाक्य साधं आहे. हेच इंग्रजीत सांगायला लावलं की मराठी माध्यमातली बरीच मुलं म्हणतात, ‘शी हॅव टू ब्रदर्स.’ शिक्षक लाल पेनाने ‘हॅव’ खोडतात आणि वर ‘हॅज’ लिहितात. मुलगी मान हलवते. पुढच्या आठवड्यात पुन्हा ‘शी हॅव’.

याला सहसा एकच कारण दिलं जातं, अभ्यास कच्चा आहे. पण चूक कुठून आली हे शोधायचं तर इंग्रजीचं पुस्तक नाही, मूळ मराठी वाक्य पुन्हा वाचावं लागतं. ‘तिला दोन भाऊ आहेत.’ यातलं ‘आहेत’ कुणामुळे आलं? ‘ती’मुळे नाही, ‘दोन भाऊ’मुळे. भाऊ एकच असता तर ‘तिला एक भाऊ आहे’ झालं असतं. म्हणजे मराठीत क्रियापद भावांकडे बघतं आणि इंग्रजीत तिच्याकडे. मुलीने मराठीचा नियम अचूक पाळला, फक्त तो चुकीच्या भाषेत पाळला.

इंग्रजी व्याकरणात याला ‘सब्जेक्ट-व्हर्ब अ‍ॅग्रीमेंट’ म्हणतात. कर्ता जसा, तसं क्रियापद. पुस्तकात हा धडा दोन-तीन पानांत उरकतो. परीक्षेत मात्र तो वर्षानुवर्षं मार्क खातो.

राळेगावचा यात काय संबंध?

राळेगाव हा यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, वर्धा नदीच्या बाजूचा कापूस पिकवणारा तालुका. इथला विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. या पट्ट्यात घरात वऱ्हाडी बोलली जाते. गोंड आणि कोलाम कुटुंबांत गोंडी, कोलामीही आहे. शाळेत पुस्तकातली प्रमाण मराठी येते आणि तिच्या खांद्यावर बसून इंग्रजी येते. म्हणजे कोलामाच्या पोरासाठी इंग्रजी ही दुसरी नाही, तिसरी किंवा चौथी भाषा असते.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्याआधी ती पाचवीत सुरू व्हायची. म्हणजे आज स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या पोरापोरींनी बारा-बारा वर्षं इंग्रजी शिकलेली असते. तरी प्रश्नपत्रिकेत ‘वाक्यातली चूक ओळखा’ आलं की हात थबकतो. २०२३च्या तलाठी भरतीच्या परीक्षेत १०० प्रश्न होते, त्यातले २५ इंग्रजीचे. प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा. एमपीएससीच्या गट ‘ब’ आणि गट ‘क’च्या मुख्य परीक्षेतही मराठीच्या जोडीला इंग्रजी आहे. एकेका गुणावर गुणवत्ता यादी वर-खाली होते तिथे ‘हॅज’ की ‘हॅव’ हा प्रश्न हौसेचा उरत नाही. शेतीवर भागत नाही आणि गावात दुसरं काम नाही, अशा घरातल्या मुलीसाठी त्या दोन गुणांची किंमत वेगळीच असते.

इंग्रजीत नियम जास्त आहेत का?

उलट आहे. आकडेच बघा.

मराठीत ‘जाणे’ हे एक क्रियापद घ्या. जातो, जाते, जातोस, जातेस, जातं, जाता, जातात. फक्त साध्या वर्तमानकाळात सात रूपं झाली. पुरुष बदलला, वचन बदललं, लिंग बदललं की शेपूट बदलतं. इंग्रजीत याच कामाला दोन रूपं पुरतात, ‘गो’ आणि ‘गोज’. भूतकाळात तर इंग्रजीने हातच टेकलेत. ‘रमेशनं पोळी खाल्ली’, ‘सविताने आंबा खाल्ला’, ‘पोरांनी बोरं खाल्ली’ या तिन्ही वाक्यांना इंग्रजीत एकच ‘एट’. कर्ता कोण, कर्म काय, काही देणंघेणं नाही. भूतकाळात मेळ बघावा लागतो तो फक्त ‘वॉज’ आणि ‘वेअर’चा.

मराठीतली ही गुंतागुंत शाळेत कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग या नावांनी शिकवतात. ‘सविताने आंबा खाल्ला’ यात सविता बाई असूनही ‘खाल्ला’ पुल्लिंगी आहे, कारण आंबा पुल्लिंगी. हा कर्मणी प्रयोग. ‘शिपायाने चोराला पकडले’ यात क्रियापद ना शिपायाकडे बघतं ना चोराकडे. हा भावे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, तेव्हापासून या गोष्टींची मांडणी चालू आहे. चार वर्षांचं मराठी पोर मात्र हे सगळं एकही नाव न ऐकता बिनचूक बोलतं.

मग सात रूपं सांभाळणारं डोकं दोन रूपांवर का अडखळतं? अडचण नियमांच्या संख्येत नाही. क्रियापदाने कुणाकडे बघायचं, याची सवय वेगळी आहे.

क्रियापद कुणाकडे बघतं?

मराठीत काही वाक्यं अशी असतात की ज्याच्याबद्दल आपण बोलतो त्याला ‘ला’ लागतो आणि क्रियापद भलत्याच शब्दाशी जुळतं. ‘तिला आंबे आवडतात.’ ‘त्याला पैसे हवे आहेत.’ ‘आईला तीन बहिणी आहेत.’ यातली ‘आवडतात’, ‘हवे आहेत’, ‘आहेत’ ही रूपं अनुक्रमे आंबे, पैसे आणि बहिणींशी बांधलेली आहेत.

इंग्रजीत हीच माणसं ‘ला’ टाकून थेट कर्त्याच्या खुर्चीत बसतात. ‘शी लाइक्स मँगोज.’ ‘ही वॉन्ट्स मनी.’ ‘मदर हॅज थ्री सिस्टर्स.’ आंबे एक असोत की टोपलीभर, ‘लाइक्स’ ढिम्म हलत नाही.

म्हणून मराठीतून इंग्रजी करताना ‘ला’वालं वाक्य दिसलं की थांबायचं. आवडणे, हवे असणे, असणे, माहीत असणे, वाटणे ही धोक्याची ठिकाणं आहेत. ‘तिला उत्तरं माहीत आहेत’ याचं ‘शी नोज द आन्सर्स’ होतं, ‘शी नो’ नाही. मराठीतलं क्रियापद विसरा आणि ‘ला’ ज्याला लागला त्याच्याकडे बघा. एवढी एक सवय लागली तरी वहीतल्या बऱ्याच लाल रेघा कमी होतात.

‘एस’चा गोंधळ नेमका काय आहे?

पहिलीदुसरीतच मुलांना शिकवतात, एकाचे अनेक झाले की ‘एस’ लावा. बुक, बुक्स. काऊ, काऊज. हे डोक्यात पक्कं बसतं. काही वर्षांनी तेच शिक्षक सांगतात की ‘काऊ’ एक असेल तर ‘ईट्स’ आणि अनेक असतील तर ‘ईट’. म्हणजे नामाला ‘एस’ लागला की अनेक आणि क्रियापदाला ‘एस’ लागला की एक! पोरगं गोंधळलं तर त्यात नवल नाही.

इथे क्लासवाले एक युक्ती सांगतात. वाक्यात ‘एस’ एकच, एकतर नामाला नाहीतर क्रियापदाला. ‘द काऊ ईट्स’ किंवा ‘द काऊज ईट’. युक्ती बरी आहे, पण तिच्यावर फार विसंबू नये. ‘चिल्ड्रन’ आणि ‘पीपल’ला एस नसतो, तरी ते अनेकवचनी आहेत आणि क्रियापदही एसविना येतं. ‘आय’ आणि ‘यू’ तर एकटे असूनही एस घेत नाहीत.

हा क्रियापदाचा ‘एस’ उशिरा येतो, हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राऊन यांनी इंग्रजी ही मातृभाषा असलेल्या तीन मुलांच्या बोलण्याचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला आणि १९७३ साली तो पुस्तकात मांडला. व्याकरणाचे चौदा बारीक तुकडे मुलं कुठल्या क्रमाने शिकतात, हे त्यांना बघायचं होतं. अनेकवचनाचा ‘एस’ मुलांना लवकर जमला. क्रियापदाचा ‘एस’ बऱ्याच उशिरा आला. आवाज तोच, अक्षर तेच, तरी हा फरक. मग इंग्रजी नंतर शिकणाऱ्यांवर अभ्यास झाले, त्यांच्यातही हा ‘एस’ मागच्या बाकावरच सापडला. त्याच्याशिवाय अर्थ अडत नाही हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. ‘ही गो टू स्कूल’ म्हटलं तरी समोरच्याला समजतंच.

उच्चाराचाही वाटा आहे. ‘वर्क्स’, ‘आस्क्स’ यात शेवटी व्यंजनं एकमेकांना चिकटून येतात. मराठी शब्दांच्या शेवटी असे गठ्ठे फारसे येत नाहीत, त्यामुळे बोलताना शेवटचा ‘स’ गिळला जातो. जे बोलण्यात गळतं ते लिहिण्यातही गळतं.

हा एकटा ‘एस’ उरला कसा?

जुन्या इंग्रजीत क्रियापदाला मराठीसारखीच निरनिराळी शेपटं होती. काळाच्या ओघात ती झिजली. तृतीय पुरुषी एकवचनाला दक्षिण इंग्लंडमध्ये ‘इथ’ लागायचा आणि उत्तरेकडे ‘एस’. उत्तरेचा हा ‘एस’ हळूहळू दक्षिणेत उतरला. १६११ साली छापलेल्या किंग जेम्स बायबलमध्ये अजून ‘इथ’ आहे. त्याच काळातल्या शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही रूपं सापडतात. पुढे ‘इथ’ संपला. आज जो ‘एस’ प्रमाण इंग्रजीचा नियम म्हणून आपल्या माथी बसतो, तो कधीकाळी उत्तरेकडच्या बोलीचा शब्द होता.

‘यू’ची गोष्ट तर मराठी माणसाला लगेच पटेल. इंग्रजीत ‘तू’ला ‘दाऊ’ होता आणि ‘यू’ म्हणजे ‘तुम्ही’. मोठ्या माणसाला मान द्यायला ‘यू’ वापरायची पद्धत पडली, मग ती सगळ्यांसाठी झाली आणि ‘दाऊ’ गेला. म्हणून समोर एकच माणूस असला तरी ‘यू इज’ होत नाही, ‘यू आर’ होतं. ‘तुम्ही आहात’सारखंच. आदरार्थी अनेकवचनाचा हा शिक्का आहे.

मात्र आदराचा हा प्रकार इंग्रजीत ‘यू’वरच संपतो आणि तिथे आपण फसतो. ‘बाबा आले’, ‘सर शिकवतात’, ‘साहेब बसले आहेत’ यात आपण एका माणसाला अनेकवचन देतो. इंग्रजीत कितीही मोठा साहेब असला तरी ‘सर टीचेस’ आणि ‘फादर हॅज कम’. राष्ट्रपतींनाही ‘इज’च. ‘माय फादर वर्क इन द फील्ड’ लिहिणाऱ्या मुलाच्या डोक्यात ‘बाबा शेतात काम करतात’ हे ‘करतात’ घुमत असतं. तो वडिलांना ‘करतो’ कसं म्हणेल?

वऱ्हाडी बोलणाऱ्याला इथे फायदा आहे

ही गोष्ट वर्गात फारशी सांगितली जात नाही, सांगायला हवी.

प्रमाण मराठीत ‘तो जातो’ आणि ‘ती जाते’ असा भेद आहे. विदर्भातल्या रोजच्या बोलण्यात मात्र ‘तो जाते’, ‘बाबा म्हणते’, ‘पोट्टा येते’ असं सर्रास ऐकू येतं. तोही जाते, तीही जाते. बाहेरच्यांना हे ऐकून हसू येतं. शाळेत तर हे चूकच ठरवतात.

आता इंग्रजी बघा. ‘ही गोज’, ‘शी गोज’, ‘इट गोज’. तृतीय पुरुषी एकवचनाला एकच रूप, बाई-पुरुष भेद नाही. ‘तो जाते, ती जाते’ची रचना आणि ‘ही गोज, शी गोज’ची रचना एकाच साच्यातली आहे. राळेगावच्या मुलाला ‘ज्याला तू घरी जाते म्हणतो त्याला इंग्रजीत गोज म्हण’ एवढं सांगितलं तर निम्मं काम होतं. ज्या बोलीबद्दल त्याला लाजायला शिकवलं, तीच इथे उपयोगी पडते.

बोलीमुळे मेळ बदलणं हे काही विदर्भापुरतं नाही. कोल्हापूरकडे बायकाही ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. खुद्द इंग्लंडमध्ये नॉरफोक भागाच्या पारंपरिक बोलीत ‘शी गो’, ‘ही लाइक’ असं एस न लावता बोलतात. ती माणसं इंग्रजच आहेत. त्यांचं व्याकरण कच्चं नाही, वेगळं आहे. परीक्षा मात्र प्रमाण इंग्रजीची असते, तिथे ‘शी गो’ लिहिलं तर नॉरफोकच्या मुलाचेही मार्क जातात.

गोंडी आणि कोलामी या द्राविडी कुळातल्या भाषा. त्यात एकवचनात पुरुष हा एक गट आणि बाकी सगळं, म्हणजे बाई, बैल, झाड, हा दुसरा गट, अशी विभागणी असते. ज्याची घरची भाषा ही आहे त्याला मराठीची तीन लिंगंही नव्याने शिकावी लागली. त्याने इंग्रजीत चूक केली तर ती मराठी मुलाच्या चुकीपेक्षा वेगळी असू शकते आणि तिचं कारणही वेगळं असू शकतं.

‘ही डझन्ट गोज’ का चूक?

नकारात आणि प्रश्नात ‘डू’ किंवा ‘डज’ येतं आणि मुलं एस दोन्हीकडे लावतात. ‘ही डझन्ट गोज’, ‘डज शी लाइक्स’. कारण डोक्यात नियम बसलाय, ‘ही’ आला की एस.

इथे मराठी स्वतःहून मदतीला येते. ‘तो जात नाही.’ ‘ती जात नाही.’ ‘ते जात नाहीत.’ ‘तू जात नाहीस.’ नीट बघा, ‘जात’ एकदाही बदललं नाही. सगळा भार ‘नाही’ने उचलला. इंग्रजीतही तसंच होतं, ‘डज’ने एस उचलला की ‘गो’ मोकळा. आपण ‘ते जातात नाहीत’ म्हणत नाही, मग ‘ही डझन्ट गोज’ कशाला? ‘कॅन’, ‘विल’, ‘मस्ट’ यांच्यासोबतही मुख्य क्रियापद मोकळंच राहतं, आणि हे स्वतःही एस घेत नाहीत.

परीक्षेतला खरा सापळा कोणता?

‘शी गो’सारखी उघडी चूक प्रश्नपत्रिकेत क्वचितच असते. तिथे असं वाक्य येतं: ‘द प्राइस ऑफ कॉटन बेल्स हॅव रिझन.’ वाचताना काही खटकत नाही, कारण ‘हॅव’च्या अगदी शेजारी ‘बेल्स’ बसलंय, अनेकवचनी. पण वाढला तो भाव, गाठी नाहीत. म्हणून ‘हॅज’ हवं.

शेजारच्या शब्दाने क्रियापदाला ओढून घेणं इतकं नैसर्गिक आहे की मातृभाषा इंग्रजी असलेलेही त्यात फसतात. कॅथरीन बॉक आणि कॅरल मिलर यांनी १९९१ साली यावर प्रयोग प्रसिद्ध केले. इंग्रजी भाषकांना वाक्याचा सुरुवातीचा भाग ऐकवायचा आणि पुढचं त्यांनी पूर्ण करायचं. मुख्य नाम एकवचनी आणि क्रियापदाजवळचं नाम अनेकवचनी असलं की चुका वाढत होत्या.

मराठी माणसाकडे या सापळ्यावर घरचा उपाय आहे. वाक्य मनात मराठीत करा. ‘कापसाच्या गाठींचा भाव वाढला आहे.’ मराठीत ‘चा-ची-चे’वालं आधी येतं आणि मुख्य शब्द मागून, क्रियापदाच्या अगदी जवळ. ‘गाठींचा’ हा शब्द चुकूनही कर्ता वाटत नाही. इंग्रजीने ‘ऑफ’ घालून क्रम उलटवला आणि मुख्य शब्द लांब फेकला, एवढंच. मग ‘चा-ची-चे’ संपल्यावर जो शब्द उरतो, क्रियापद त्याचं.

‘विद्यार्थ्यांची संख्या वाढली आहे’ यात उरली ‘संख्या’, म्हणून ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स हॅज’. ‘अनेक विद्यार्थी आले आहेत’ यात कर्ता ‘विद्यार्थी’च, म्हणून ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स हॅव’. ‘द’ आणि ‘अ’मधला हा फरक पाठ करायला अवघड जातो, मराठीतून पाहिला की लगेच दिसतो. ‘तिच्या मैत्रिणींपैकी एक नागपूरला राहते.’ कर्ता ‘एक’, म्हणून ‘वन ऑफ हर फ्रेंड्स लिव्ह्ज’. ‘अधिकाऱ्यांसह मंत्री आले’ यात आले ते मंत्री, अधिकारी नुसते ‘सह’ आहेत. म्हणून ‘द मिनिस्टर, अलाँग विथ ऑफिसर्स, हॅज’. इथे आदराचं ‘आले’ विसरायचं, हे वर आलंच.

‘वन ऑफ द गर्ल्स हू प्ले कबड्डी’ या वाक्यावर मात्र पेपर काढणाऱ्यांचं विशेष प्रेम असतं. ‘प्ले’ की ‘प्लेज’? ‘कबड्डी खेळणाऱ्या मुलींपैकी एक.’ खेळणाऱ्या कोण, मुली. म्हणून व्याकरणाच्या पुस्तकाचं उत्तर ‘प्ले’. चांगले इंग्रजी लेखकही इथे ‘प्लेज’ लिहून जातात, तेव्हा हा प्रश्न चुकला म्हणून कपाळाला हात लावायचं कारण नाही.

शाळेत हल्ली भाषांतराने इंग्रजी शिकवणं जुनाट समजलं जातं. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवा, असा आग्रह असतो. बोलण्याची भीड मोडायला ते ठीक. पण तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घोटून मराठी माणसाच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, आणि मेळाच्या बाबतीत ती पद्धत अजूनही कामाची आहे. ज्या मुलाला चूक मराठीमुळे होतेय, त्याला ती मराठीच्याच आरशात दिसते.

मराठीचा आरसा कुठे फसवतो?

काही शब्दांत दोन्ही भाषांचं गणितच वेगळं आहे. तिथे युक्ती नाही, पाठच करायचं.

‘तिचे केस लांब आहेत.’ मराठीत अनेक, इंग्रजीत ‘हर हेअर इज लाँग’. ‘तांदूळ संपले’चं ‘द राइस इज फिनिश्ड’. ‘पैसे जमा झाले’चं ‘द मनी हॅज कम’. बँकेतून मेसेज आला की मराठी माणूस म्हणतो ‘आले’ आणि इंग्रजी एकाच ढिगाबद्दल बोलते. ‘पाचशे रुपये पुरेसे आहेत’ याचंही ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज इज इनफ’ होतं, कारण इंग्रजी इथे नोटा मोजत नाही, रक्कम बघते.

उलटही आहे. मराठीत चष्मा एक, कात्री एक, पँट एक. इंग्रजीत यांना दोन भिंगं, दोन पाती, दोन पाय दिसतात आणि तिन्ही अनेकवचनी होतात. ‘माय स्पेक्टॅकल्स आर ब्रोकन.’ ‘न्यूज’ आणि ‘मॅथेमॅटिक्स’ शेवटी एस मिरवतात, पण एकवचनी आहेत. ‘कॅटल’ला एस नाही, तरी अनेकवचनी. हा शेवटचा शब्द सोपा जावा, कारण गुरं मराठीतही ‘चरतात’च. ‘पोलीस आले’ आणि ‘द पोलीस हॅव कम’ हेही जुळतं.

सगळ्यात जास्त फसवणारा शब्द ‘एव्हरीवन’. आपण ‘सगळे आले’ म्हणतो आणि लगेच ‘एव्हरीवन हॅव’ लिहितो. त्याऐवजी ‘प्रत्येकजण आला’ असं मनात म्हटलं की ‘हॅज’ आपोआप येतं. ‘एव्हरीबडी’, ‘ईच’, ‘नोबडी’ याच घरातले.

‘अँड’ आला की अनेकवचन, हा नियम बहुतेक वेळा चालतो. ‘ब्रेड अँड बटर इज’ मात्र एकवचनी, कारण तो एकच पदार्थ मानला जातो. आपणही ‘वरणभात झाला’ म्हणतो, ‘झाले’ नाही.

‘आयदर-ऑर’ आणि ‘नायदर-नॉर’मध्ये क्रियापद जवळच्या कर्त्याचं ऐकतं. पुस्तकात यावर दीड पान असतं, तेवढ्याची गरज नाही.

मग ‘इंडिया आर’ कसं चालतं?

क्रिकेट बघणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच. इंग्रजी कॉमेंट्रीत ‘इंडिया आर २०० फॉर ३’ असं ऐकू येतं. इंडिया एक, मग ‘आर’ कसं?

ही ब्रिटिश सवय आहे. संघ, समिती, सरकार असे समूहवाचक शब्द ब्रिटिश इंग्रजी माणसांचा जमाव म्हणून बघू शकते आणि त्यांना अनेकवचन देते. ‘द टीम आर प्लेइंग वेल.’ अमेरिकी इंग्रजी टीमला एक वस्तू समजते आणि ‘इज’ वापरते. क्रिकेट ब्रिटिशांकडून आलं आणि सोबत ‘आर’ही आलं. मराठीत आपण अमेरिकनांच्या बाजूने आहोत. ‘भारताचा संघ जिंकला’ म्हणतो, ‘जिंकले’ नाही. देश म्हणून बोलायचं असेल तेव्हा ब्रिटिशही ‘इंडिया इज’च म्हणतात. ‘इंडिया इज अ लार्ज कंट्री’, पण ‘इंडिया आर बॅटिंग’.

आपल्याकडच्या परीक्षांत समूहवाचक नामाला साधारणपणे एकवचन धरतात. ‘द कमिटी हॅज डिसायडेड.’ सदस्यांत फूट पडली असं वाक्यातच दिसत असेल तर ‘द कमिटी आर डिव्हायडेड’ हे पर्यायात शोधावं. पर्याय दोन्ही बाजूंचे दिसले तर आधी पुढचा शब्द वाचावा. ‘इट्स’ असेल तर समिती एक आहे, ‘देअर’ असेल तर पेपर काढणाऱ्याने तिला माणसं मानलंय.